दारात आलेली म्हैस

पूर्णाकाठच्या बोरखेडीत चंद्रभान गावंड्याच्या घराचा एक नेम होता आणि तो सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होता. त्याच्या दारात फळवायला आणलेली म्हैस कधी तशीच परत जात नसे. पहाट असो की ऐन दुपार, घरात लग्न असो की सुतक, म्हैस आली की फाटक उघडायचं. नेम घालून दिलेला चंद्रभानच्या वडिलांनी, खुशालरावांनी. एक पैसा घ्यायचा नाही. घरच्या बाईनं म्हशीच्या पायावर तांब्याभर पाणी ओतायचं, कपाळाला कुंकू लावायचं आणि मग हेला, म्हणजे रेडा, सोडायचा. पुढं म्हैस व्याली की तिचा पहिला चीक मात्र या घरी यायचा. कौशल्या लग्न होऊन आली त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. तेव्हापासून पाणी आणि कुंकू तिच्याकडे होतं. खरवस खाऊन खाऊन तिला त्याचा वीट आला होता, पण कोणाचा चीक आला आणि कोणाचा राहिला हे तिच्या बरोबर ध्यानात असे.

त्या फाटकाला यंदा भादव्यात कुलूप लागलं.

कारण भुऱ्या. भुऱ्या म्हणजे चंद्रभानचा हेला. अंग राखेच्या रंगाचं, कपाळावर पांढरा टिळा, लांब सपाट शिंगं मागं पार खांद्याला टेकलेली. असल्या भुऱ्या म्हशी एकेकाळी पूर्णेच्या दोन्ही काठांना घरोघर होत्या. उन्हात तगायच्या, खाऱ्या पाण्यावर जगायच्या, कुटार-भुसा खाऊन दूध द्यायच्या. मग लोकांनी बाहेरच्या काळ्या म्हशी आणल्या, गाभ धरायची इंजेक्शनं आली, आणि भुरा हेला पाळायची कोणाला गरज उरली नाही. खुशालरावांनी तेवढा वंश धरून ठेवला. मरताना त्यांनी लेकाला जमिनीबद्दल काही सांगितलं नाही, हेल्याबद्दल सांगितलं. चंद्रभाननं ते ऐकलं, आणि भुऱ्याची आई मेली तेव्हा त्यानं या हेल्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं.

अकोल्याहून जनावरांची डॉक्टर हर्षा इंगोले आली ती अशाच हेल्याच्या शोधात. तीस-बत्तीसची, केस घट्ट बांधलेली, पायात गमबूट. तिनं भुऱ्याभोवती तीन चकरा मारल्या, फूटपट्टीनं शिंगं मोजली आणि म्हणाली, "काका, तीन तालुके पालथे घातले मी. असा हेला आता शोधून सापडत नाही. याचं रेत काढू, गोठवून ठेवू. मग हा असो नसो, याची रेडकं होत राहतील."

"किती वर्सं?"

"पन्नास ठेवा. नायट्रोजनमध्ये खराब होत नाही."

चंद्रभान आठवडाभर जमिनीवर नव्हता. जो भेटेल त्याला धरून सांगायचा, "म्या मरीन, तू मरशीन, पन भुऱ्याची लेकरं होतच राह्यतीन." बापाच्या शब्दाला आपण जागलो, यापरतं त्याला काही नको होतं. हे ऐकून ऐकून कौशल्यालाही वाटायला लागलं होतं, की आपल्या घरातलं काहीतरी गोठून, टिकून राहणार आहे.

अट एकच होती. हेल्याच्या दोन तपासण्या व्हायच्या होत्या. पहिली झाली, साफ निघाली. दुसरी दोन महिन्यांनी. तिचा निकाल येईपर्यंत एकही म्हैस त्याच्याजवळ फिरकता कामा नये. चंद्रभाननं गोठ्याभोवती तुराट्यांचा कूड घातला, फाटकाला कुलूप ठोकलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. गावातून, परगावातून म्हशी येत राहिल्या. तो फाटकात उभा राहून एकेकाला समजावून परत पाठवायचा. कौशल्या त्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसायची. परत जाणाऱ्या म्हशीच्या गळ्यातलं लाकडी लोडणं वाजलं की ती भांडं आणखी जोरानं घासायची.

दिवाळी झाली. डॉक्टरीण आली, दुसऱ्या तपासणीचे नमुने घेऊन गेली. "पंधरा दिवसांत निकाल. तोवर असंच सांभाळा," म्हणाली. त्यानंतर चौथ्या दिवशी चंद्रभान सोयाबीन घेऊन अंजनगाव सुर्जीच्या बाजारात गेला. हेल्याला पाणी दाखवायचं म्हणून किल्ली बायकोच्या हातात दिली.

दुपारी पार्बताबाई आली. गल्लीच्या टोकाला राहणारी, साठी ओलांडलेली, एकटी. पदराला एक म्हैस आणि तिच्या दुधावर दोन घास. म्हशीचा कासरा तिनं हाताला गुंडाळला होता आणि म्हैस जागेवर थांबत नव्हती.

"उघड वं माय कौशल्या."

"पार्बतामाय, हे घरी नाहीत. अन डॉक्टरीननं मना केलं हाय. तुमाले मालूम हाय ना?"

"मालूम हाय. म्हनूनच थो घरी नसतानी आली."

पार्बताबाई फाटकासमोर मातीत बसली.

"दोनदा इंजेक्शन देलं. गाभन राह्यत नाही. आजचा माज गेला तं वरीस गेलं समज. दूध नसलं तं म्या खाऊ काय? तुह्या सासऱ्याची माय मेली तवा आंगनात मैत होतं. माहा नवरा म्हैस घेऊन आला अन लोकायले पाहून मांगं फिरला. खुशालरावनं त्याले आवाज देऊन वापस बलावलं. म्हने, मेलेल्याचं मी पाहातो, तू जित्याचं पाहाय."

ही गोष्ट कौशल्यानं दहादा ऐकलेली. तरी तिला ती ऐकवेना. आत भुऱ्याला वास लागला होता. तो कुडाला धडका देत होता आणि तुराट्या कडकड मोडत होत्या.

"फाटक तं नाही उघडू शकत, माय," कौशल्या म्हणाली. "पानी-कुंकू करते. तुमचा मान ठेवते. मंग जा तुमी."

तिथंच ती चुकली. म्हातारीचं समाधान करावं, एवढंच तिच्या मनात होतं. तिनं म्हशीच्या पायावर पाणी ओतलं, कपाळाला कुंकू टेकवलं, आणि हात खाली येता येता तिला कळून चुकलं. या दारात कुंकू लावलेली म्हैस अठ्ठावीस वर्षांत कधी परत गेली नव्हती. लावलेलं कुंकू पुसायचं कसं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पार्बताबाईनं नुसतं कौशल्याकडे पाहिलं. कौशल्यानं कमरेची किल्ली काढली.

दोन मिनिटांत सगळं उरकलं. "कोनाले बोलनार नाही वं," असं म्हणत पार्बताबाई म्हैस घेऊन मागच्या सांदीनं निघून गेली. कौशल्यानं खराटा घेतला आणि खुरांचे माग झाडून काढले. झाडता झाडता तिच्या मनात आलं, पार्बताबाईचा चीक दोन वर्षं झाली, आलेला नाही. म्हैस गेल्या साली सातव्या महिन्यात गर्भ टाकून गाभडली, तशीच त्याच्या आदल्या साली. खराटा क्षणभर थांबला. मग तिनं मोडलेल्या तुराट्या नीट लावल्या आणि संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, की हेल्यानं आज उगाच कूड मोडला.

निकाल साफ आला. चंद्रभाननं भुऱ्याच्या शिंगांना तेल लावलं आणि गावभर गूळ वाटला.

रेत काढायच्या पहिल्या दिवशी सकाळपासून अंगणात जत्रा भरली. डॉक्टरीण पांढऱ्या गाडीतून आली. गाडीत सूक्ष्मदर्शक, गरम पाण्याचं भांडं, बर्फाची पेटी आणि वाफाळणारी पोलादी टाकी. लाकडी खोड्यात गावातला एक म्हातारा हेला उभा केला होता. भुऱ्यानं त्याच्यावर चढायचं आणि डॉक्टरणीनं हातातली रबरी नळी ऐन वेळेला पुढं धरायची, असा तो सगळा प्रकार. कुंपणापलीकडे गडीमाणसं दात काढत उभी होती. एवढ्यांदा समजावलं तरी त्यांना यात गंमतच दिसत होती.

शेजारचा बंडू, ज्याला तोंड आवरणं जन्मात जमलं नाही, ओरडला, "डॉक्टरीनबाई, नवरदेव तं लाजून राह्यला!"

"तुम्ही या ना मग," हर्षा मान वर न करता म्हणाली. "समोरून वेसण धरा. पाचशे किलोचा आहे, फक्त अंगावर आला तर हलू नका."

बंडू मागच्या मागे गेला. माणसं हसली, पण हटली नाहीत.

वेसण शेवटी कौशल्याच्याच हातात आली, कारण भुऱ्या तिच्याशिवाय कोणाला जुमानत नसे. ती डोक्यावरचा पदर दातात धरून, मान खाली घालून उभी राहिली. गावच्या पुरुषांसमोर या कामाला उभं राहायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भुऱ्या तासभर कुटार हुंगत राहिला. ऊन चढलं, घाम डोळ्यांत उतरला. मग त्यानं एकदम मुंडी वर केली, कासरा कौशल्याच्या तळहातातून सरसर ओढला गेला, सालटं निघालं. "सोडू नका काकू!" हर्षा ओरडली आणि गुडघ्यावर बसत नळी पुढं केली. झालं. नळीच्या टोकाच्या काचेत पांढुरकं काहीतरी साचलं होतं. कुंपणापलीकडे शिट्टी वाजली. चंद्रभान मात्र हात जोडून उभा होता.

हर्षानं थेंब काचेवर घेऊन पाहिला आणि पोरीसारखी हरखली. "काकू, या. बघा एकदा."

कौशल्यानं सोललेला हात पदरात लपवून डोळा लावला. आधणात ज्वारीच्या कण्या वरखाली व्हाव्यात तशी आत नुसती खळबळ चालली होती. तिला भरून आलं. सासऱ्यांनी सांभाळलं ते हे, असं मनात आलं.

"एवढ्यातून शंभरेक कांड्या, रेत भरलेल्या बारीक नळ्या, होतील," हर्षा सांगत होती. "अशा पाचशे झाल्या की साठ गावांत जातील."

कौशल्यानं डोळा काढला. सहज विचारावं तसं विचारलं, "मंग त्याले एवढे दिवस कोंडून कावून ठेवलं, बाई?"

"काही म्हशींत एक आजार असतो, काकू. हेला तिच्यावर गेला की त्याला लागतो. हेल्याला काहीच होत नाही, तो असाच धडधाकट दिसतो. पण पुढं त्याचं रेत जिला जाईल ती म्हैस एक तर उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा पुन्हा माजावर येते, नाहीतर गाभडते. एका कांडीमागं एक म्हैस नासली. साठ गावांत काय होईल, विचार करा."

कौशल्यानं मान हलवली. तिच्या हाताला आग होत होती, पण त्या घटकेला तिला ती जाणवली नाही.

आठवड्यातून दोनदा गाडी येऊ लागली. ओसरीवरच ठेवलेली टाकी भरत चालली. चंद्रभान प्रत्येक वेळी कांड्या मोजायला सांगायचा. कौशल्या वेसण धरायची, चहा करायची आणि रोज ठरवायची की आज सांगू. डॉक्टरीण हसून बोलायची आणि ही आणखी एक कप पुढं करायची. रोग लागलाच नसेल तर, असंही मन म्हणायचं. एका वेळेनं काय होतं! मनाला काय, ते आपल्या सोयीचं बोलतं.

एका सकाळी ती स्वतःच पार्बताबाईकडे गेली. म्हातारी शेणाचे गोळे करत होती.

"माय, म्हैस राह्यली ना?"

"नाही वं. उलटली काल." पार्बताबाईनं वर पाहिलं नाही. "अन मांगून घान जाते. मांगच्या खेपेलेही असंच होतं."

"मांगच्या खेपेले होतं, तं तुमी तवा कावून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू उघडलं असतं?"

म्हातारीचा कौशल्याला राग आला, आणि ज्वारीच्या कोरड्या भाकरीची परात बाजूला दिसली तसा तो टिकला नाही. खरं तर तिलाही ठाऊक होतंच. दोन वर्षांचा चीक आला नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

तशीच ती शेतात गेली. चंद्रभान पऱ्हाटीत कापूस वेचत होता. तिनं कापूस वेचायची ओटी न बांधताच, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तो वेचत राहिला. एक झाड झालं, दुसरं झालं. मग बोंडाच्या काट्यानं बोट फाटलं तेव्हा थांबला.

"कोनाजोळ बोलली?"

"कोनाजोळच नाही."

"मंग बोलू नको. निकाल साफ आला हाय."

"निकाल आदीच्या नमुन्याचा हाय. थे मांगून आली."

"लागला असनच कशावून?"

"नसन लागला, तं तपासतीन. बाई उद्या टाकी घेऊन चालली."

चंद्रभाननं वेचलेला कापूस खाली टाकला. "कौशल्ये, माह्या बापानं मरतानी एकच गोष्ट सांगतली होती. एकच. थेही तुले सांभायता नाही आली?"

"तुमच्या बापाचंच नाव घेऊन आली होती पार्बतामाय," ती म्हणाली. तिला रडू फुटलं. "म्या काय करू? दारात बसली थे. पानी ओतलं, कुंकू लावलं, मंग तुमीच सांगा, फाटक कसं लावून घेऊ?"

संध्याकाळी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. टाकी गाडीत चढवायला हर्षा वाकली, तशी कौशल्या पुढं झाली. चंद्रभान ओसरीवर होता. त्यानं तिच्याकडे रोखून पाहिलं. पण साठ गावांतल्या साठ पार्बताबाया तिच्या डोळ्यांपुढं रांगेनं उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात कासरा.

"बाई, टाकी नका नेऊ. म्या फाटक उघडलं होतं."

हर्षाला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती गाडीच्या पायरीवर बसली. "कधी? कोणती म्हैस?" मग, "काकू, मी तुम्हाला काचेतून दाखवलं त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत. तेव्हा सगळं माहीत होतं तुम्हाला."

"होतं."

"आणि तीन आठवडे मला चहा पाजत राहिलात!"

कौशल्यानं मान खाली घातली. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. हर्षानं पार्बताबाईच्या म्हशीचे नमुने घेतले, भुऱ्याचे घेतले, टाकीला सील ठोकलं आणि चहा न घेता गेली.

बाराव्या दिवशी ती परत आली. आजार दोघांनाही निघाला होता. कांड्यांची वाट तिला अकोल्यातच लावता आली असती, पण ज्याचा हेला त्याच्यासमोर हे व्हावं असं तिला वाटलं असावं. तिनं बादलीभर उकळतं पाणी मागितलं. टाकीचं झाकण काढल्यावर पांढरी वाफ अंगणभर लोळली. चिमट्यानं कांड्यांचे झुपके वर आले, गुलाबी, काडीएवढे बारीक, प्रत्येकीवर बारीक अक्षरात 'भुऱ्या' छापलेलं. झुपके पाण्यात पडले की चर्र आवाज व्हायचा. कुंपणापलीकडे आज कोणी हसत नव्हतं. बंडूनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

शेवटची एक कांडी चंद्रभाननं मागून घेतली. गारठ्यानं बोटं पोळत होती, तरी धरून ठेवली, नाव वाचलं आणि आपल्या हातानं बादलीत टाकली.

"औषध देऊ आपण त्याला," हर्षा जाताना म्हणाली. "पण आमच्या कामाला तो आता चालणार नाही, काका. आणि गावातली एकही म्हैस त्याच्याजवळ जाऊ देऊ नका. खच्ची करून टाकलेलं बरं." मग ती कौशल्यापाशी थांबली. तिच्या तळहातावरचं वाळलेलं सालटं पाहिलं. "तुम्ही न सांगता राहिला असतात तर कोणाला कळलं नसतं, काकू," एवढंच म्हणाली. रागानं म्हणाली की आणखी कशानं, ते कौशल्याला कळलं नाही.

भुऱ्याला खच्ची करायला चंद्रभानचा हात धजला नाही. कुलूप तसंच राहिलं. किल्ली मात्र त्यानं करदोड्यातून सोडली आणि स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवली. त्या दिवसापासून तो बायकोशी बोलेनासा झाला. भाकरी पुढं आली की खायचा आणि उठून जायचा.

पौषात एका दुपारी पूर्णेपल्याडचा एक म्हातारा म्हैस घेऊन आला. सकाळपासून चालत होता. पाय गुडघ्यांपर्यंत चिखलानं भरलेले, उपरण्यात पुडीत बांधलेलं कुंकू. भुरीच म्हैस होती, पहिलटकर, लांब शिंगांची. कित्येक वर्षांत कौशल्यानं अशी देखणी म्हैस पाहिली नव्हती. आत भुऱ्यानं आवाज दिला. म्हशीनं उत्तर दिलं.

चंद्रभान ओसरीवर बसला होता. त्यानं मान वळवली, पण उठला नाही. कौशल्या बाहेर आली, फाटकाला पाठ लावून उभी राहिली. हातात तांब्या नव्हता.

"वापस घेऊन जा, बाबा."

"कावून वं बाई? खुशालरावचं घर हेच ना? इथून तं म्हैस वापस जात नाही म्हन्तेत."

"हेच घर हाय." तिनं डोळे वर केले आणि नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "हेल्याले रोग हाय. थो माह्या हातानं लागला. तुमची म्हैस चांगली हाय, तिले इथं नका आनू. दुसऱ्या कोनी आनत असन, त्यालेही सांगजा."

म्हाताऱ्यानं कुंकवाची पुडी पुन्हा उपरण्याला बांधली आणि कासरा ओढला. म्हैस वळेना. त्यानं दोनदा ओढला, मग खांदा लावून ढकलली. आत भुऱ्या कुडाला धडका देत होता. कौशल्यानं दोन्ही हात मागं नेऊन फाटक घट्ट धरलं होतं. धडका तिच्या पाठीत बसत होत्या.

"कौशल्ये," ओसरीवरून हाक आली. महिन्याभरात पहिली. "बुढा दुरून आला. त्याले पानी दे."

ती आत गेली, तांब्या भरून आणला. म्हातारा ओंजळीनं प्यायला. उरलेलं पाणी तिनं म्हशीच्या पायावर ओतलं नाही. फाटकाजवळच्या मातीत ओतून टाकलं आणि ती दोघं नदी उतरून दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभी राहिली.